तिच्या गावची हवा

४ जून, बुधवार

आज दिवसभरात मी आजारी मुलांखेरीज कोणाशीही एक पूर्ण वाक्य बोलले नाही, आणि त्या मुलांच्या घशात नळ्या असल्यामुळे त्यांनीही मला उत्तर दिले नाही. म्हणून हे लिहिणे.

समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या ला पाझमध्ये येऊन चार महिने होत आले. लहान मुलांच्या अतिदक्षतेचे शिक्षण घ्यायचे तर मोठ्या शहरातच घ्यावे, असे खाली सखल मुलखात, रिबेराल्तात असताना वाटे. पुस्तकांनी मला येथवर आणले हे खरे. परंतु पुस्तकांत जिना नव्हता. आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट केवळ रुग्णांसाठी. दुसऱ्या वळणावर मी रोज थांबते आणि भिंतीवरचे लसीकरणाचे पत्रक वाचत असल्याचे दाखवते.

"अजून पाठ नाही झालं ते?" रेनानने आज विचारले. रेनान कुतीपा माझ्याच तुकडीत शिकतो. शहराच्याही वर, पठारावर वसलेल्या एल आल्तोचा आहे, दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो. "चार महिने तेच वाचतेयस. कांबा लोकांना जरा उशिरा कळतं म्हणतात, ते खोटं नाही."

आम्हा सखल मुलखातल्यांना हे लोक कांबा म्हणतात, आम्ही या डोंगराळ लोकांना कोया म्हणतो. दोन्ही शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्याच्या आवाजावर अवलंबून असतो. उत्तर मला नेहमी जिना संपल्यावर सुचते. माझी पिशवी मात्र तो वर घेऊन गेला, बहुधा राउंडला उशीर होऊ नये म्हणून.

११ जून, बुधवार

खालच्या मुलखात, सांता क्रूसच्या रुग्णालयात बदली मिळावी, असा अर्ज आज विभागप्रमुख डॉक्टर चुकिमिया बाईंकडे दिला. कारण: 'येथील हवामान प्रकृतीस मानवत नाही.' त्यांनी तो वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि कागद खणात टाकला.

"जून संपू दे, मग बघू. जूनमध्ये मी माणूस सोडत नाही. ऐन हिवाळा आहे, सर्दी-खोकला आहे, वर सान हुआनच्या सणाला पेटवतात त्या शेकोट्यांचा धूर. निम्मं एल आल्तो आपल्याकडे येऊन खोकतं."

आईचा फोन आला होता. नदी उतरू लागली आहे म्हणाली, धाकटा भाऊ दिवसभर काठावरच असतो. "जेवलीस का?" "जेवले." "मैत्रिणी झाल्या का गं?" "झाल्या." दोन्ही उत्तरे मी एकाच सुरात दिली, त्यामुळे तिला दोन्ही खरी वाटली असावीत.

१७ जून, मंगळवार

एक सहा महिन्यांची मुलगी दाखल झाली. वरच्या पठारावरच्या सरोवराकाठच्या गावातून आई तिला पाठीवरच्या शालीत बांधून मिनीबसने घेऊन आली. शाल सोडली तेव्हा नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. डॉक्टर चुकिमियांनी स्वतः नळी घातली आणि मुलीला व्हेंटिलेटरवर घेतले.

मी दाखल करून घेण्याचा तपशील लिहीत होते.

"नाव?"

"जोसेलिन," आई म्हणाली. तिचे स्वतःचे नाव बासिलिया वाल्पा. "टीव्हीवरच्या मालिकेत होती एक. शेवटच्या भागापर्यंत मेली नाही, म्हणून ठेवलं."

मी मान खाली घालून लिहीत राहिले.

छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की गिरणीसारखी अखंड घरघर ऐकू येते. गर्भात असताना प्रत्येक बाळाच्या हृदयावरच्या, शरीराकडे आणि फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी वाट असते. जन्मानंतर ती मिटायची असते. या उंचीवर पुष्कळ मुलांची ती मिटतच नाही. जोसेलिनची चांगली रुंद उघडी आहे. छातीतला संसर्ग बरा झाला की ती शस्त्रक्रियेने बंद करायची, असे ठरले.

२० जून, शुक्रवार

मुलगी सुधारते आहे. ताप उतरला. उद्या इथल्या डोंगराळ आयमारा लोकांचे नववर्ष, लागून रविवार. डॉक्टर चुकिमिया सूर्याचे पहिले किरण तळहातांवर घ्यायला आपल्या गावी गेल्या. सुट्टीच्या दिवसांची ड्यूटी कोण करील असे विचारले गेले तेव्हा मी हात वर केला. माझी येथे कोणी वाट पाहत नाही, हे कारण मी सांगितले नाही. तसे कोणी विचारलेही नाही.

जाताना बाई म्हणाल्या, "सरोवराकडच्या पोरीचं सॅच्युरेशन ठीक राहू दे. यंत्राशी उगाच खेळत बसू नकोस. अडलीस तर रेनान बाजूच्याच विभागात आहे."

दुपारी मी तिच्या खाटेपाशी बराच वेळ बसले. हृदय आणि फुप्फुसे यांच्याविषयी मी जितके वाचले आहे, तितके बहुधा दुसऱ्या कशाविषयीही नाही. एकाच खोलीत भाड्याने राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांसारखी ती आहेत. एकाने हातपाय पसरले की दुसऱ्याला अंग चोरावे लागते. आपण श्वास घेतो तेव्हा छाती रक्ताला आपल्याकडे ओढून घेते. यंत्र श्वास देते तेव्हा हवा बाहेरून ढकलली जाते, आणि तीच हवा परतणाऱ्या रक्ताला दारात अडवते. किती ढकलावे याचा अंदाज ज्याला आला, त्याला अतिदक्षता आली.

मॉनिटरवर सत्त्याऐंशी होते. रक्तातल्या ऑक्सिजनचा हा आकडा, म्हणजे सॅच्युरेशन, पंचाण्णवच्या वर असावा, हे मी पहिल्या वर्षापासून शिकत आले आहे. आजारी बाळाला आपण सत्त्याऐंशीवर कसे ठेवू? मी ऑक्सिजन वाढवला. एक्क्याण्णव. आणखी वाढवला. सत्त्याण्णव.

या शहरात आल्यापासून माझ्या हातून काहीतरी नि:संशय चांगले झाले, असे प्रथमच वाटले.

२१ जून, शनिवार

आज विभाग शांत. जोसेलिनचे ओठ गुलाबी झाले आहेत. काचेतून मी तिच्या आईला आकडा दाखवला. तिला आकड्यांतले काही कळत नसावे, पण मी हसले म्हणून तीही हसली.

दुपारी रुग्णालयाच्या चौकात नातेवाइकांनी शाली अंथरून सगळ्यांचे जेवण एकत्र मांडले, तशी येथे रीत आहे: बटाटे, चुन्यो म्हणजे गोठवून सुकवलेले बटाटे, पावटे, तळलेली छोटी मासळी. जो तो हाताने घेऊन खातो. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. बासिलियाने हात हलवला.

"डॉक्टरताई, या की! आमचं चावणार नाही तुम्हाला."

बाकीच्या बायका हसल्या. माझ्यावर हसल्या असाव्यात. ड्यूटी आहे असे सांगून मी वर आले आणि औषधांच्या खोलीत उभ्यानेच डब्यातला भात आणि तळलेले केळे खाल्ले. खिडकीतून चौक दिसत होता. मी होते त्या दिशेला त्यांनी शालीवर थोडी जागा मोकळी सोडली होती. कोणीतरी यायचे राहिले असावे.

२२ जून, रविवार

काहीतरी बिघडले आहे.

सकाळी सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरताई, हिचे पाय गार लागतायत." लघवी कालपासून जवळपास नाही. एक्सरेमध्ये दोन्ही फुप्फुसे पांढरी दिसतात. आकडा मात्र उत्तम आहे. फुप्फुसात पाणी भरत असेल तर दाबाने ते मागे हटते, म्हणून मी यंत्राचा दाब वाढवला. रक्तदाब उतरला. सलाईन दिले, घटकाभर बरे, मग पुन्हा उतरला. पुन्हा सलाईन.

नव्याने संसर्ग झाला असावा. प्रतिजैविक बदलले. रेनान येऊन गेला, "काही लागलं तर हाक मार, लाजू नकोस" म्हणाला. मी म्हटले, सर्व नियंत्रणात आहे.

संध्याकाळपूर्वी मी एक सविस्तर टिपण तयार केले. ही मुलगी या उंचीवर बरी होणे शक्य नाही. विरळ हवेत तिच्या फुप्फुसांना आणि हृदयाला विश्रांती म्हणून मिळत नाही. तिला विमानाने तातडीने सखल प्रदेशात हलवावे. तेथे हवा दाट आहे, ऊब आहे, श्वास घ्यावा लागत नाही, तो आपोआप येतो. टिपण पुन्हा वाचले तेव्हा त्यातले प्रत्येक वाक्य मला पूर्णपणे पटले.

२३ जून, सोमवार

जे घडले ते क्रमाने लिहिते.

डॉक्टर चुकिमिया सकाळी आल्या. उन्हाने गाल भाजलेले, टोपीवर अजून गावचे गवत. त्यांनी मॉनिटरकडे पाहिलेच नाही. आधी मुलीचे तळपाय हातात घेतले. मग उजव्या बरगड्यांखाली बोटे दाबत दाबत खाली बेंबीपर्यंत नेली. यकृत तेथवर सुजले होते.

"ऑक्सिजन किती?"

"सत्तर टक्के."

"का?"

"सॅच्युरेशन सत्त्याऐंशी होतं, डॉक्टर."

"मग?"

"सामान्य मर्यादा पंचाण्णवच्या वर आहे."

रेनान दारात उभा होता. बाईंनी रिकाम्या खाटेवरच्या मॉनिटरचा चिमटा उचलला आणि माझ्या बोटाला लावला. शहाऐंशी.

"रेनान, हिला नळी घाल."

मला वाटले मी आता रडेन. पण आधी सिस्टर हसल्या, मग रेनान, आणि मग त्याने ताबडतोब तोंड मिटले.

"पोरी," बाई म्हणाल्या, "शहाऐंशीवर तू उभी आहेस, टिपणं लिहितेयस, माझ्याशी वाद घालतेयस. इथे आपण सगळे असेच जगतो. ही तर इथेच जन्मली. शुक्रवारपासून तू हिला तुझ्या गावी नेऊन ठेवलंयस. विमान नको, गाडी नको. नुसतं बटण फिरवून."

मग त्यांनी सांगितले, आणि एकेक शब्दागणिक माझी तीन दिवसांची सगळी हुशारी उलगडत गेली. या उंचीवर मुलांच्या फुप्फुसांतल्या वाहिन्या आवळलेल्या असतात. ज्या मुलीच्या हृदयावरची वाट उघडी आहे तिला तो आवळलेपणाच बांधासारखा असतो. शरीराचे रक्त त्या वाटेने फुप्फुसांत वाहून जाण्यापासून तो अडवतो. ऑक्सिजनने वाहिन्या सैल होतात. मी बांध फोडला.

"फुप्फुसं ओली झाली, तू दाब वाढवलास. दाबाने काय झालं?"

"हृदयाकडे परतणारं रक्त अडलं."

"रक्तदाब पडला, तू सलाईन दिलंस. ते कुठे गेलं?"

"फुप्फुसांत."

"पाय गार, लघवी बंद, आणि आकडा सत्त्याण्णव. तुला कोणी बक्षीस देणार होतं का त्याचं?"

मी विचारले, हे कोठे लिहिलेले नाही का? माझा आवाज इतका बारीक होता की त्यांनी पुन्हा विचारायला लावले.

"कोण लिहिणार? इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "ते माझंही चुकलं. 'ठीक' म्हणजे किती, ते तुला सांगायला हवं होतं. तू खालची आहेस हे माझ्या ध्यानातच राहत नाही. तू बोलतच नाहीस, तर राहणार कसं?"

त्यांनी माझे टिपण वाचले. दोनदा वाचले.

"ओदालिस, तुला घरी जायचंय का?"

"डॉक्टर, आपण रुग्णाविषयी बोलत आहोत."

"हो," त्या म्हणाल्या. "रुग्णाविषयीच."

ऑक्सिजन कमी केला, दाब उतरवला, पाणी काढायचे औषध सुरू केले. आकडा खाली येत गेला. नव्वद. सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशीला मॉनिटर किंचाळू लागला. माझे काम एकच: उभे राहायचे आणि बटणाला हात लावायचा नाही. आयुष्यात मला कोणी याहून अवघड प्रश्न घातलेला नाही.

२४ जून, मंगळवार

काल सान हुआनच्या शेकोट्या झाल्या. आज सकाळी सारे शहर वाडग्यातल्या करपलेल्या आमटीसारखे दिसत होते. समोरचा बर्फाचा डोंगर नाहीच. खोकणारी चार मुले दाखल झाली.

जोसेलिन तशीच. पाय गार. लघवी नाही. ती गेली तर त्याला संसर्ग कारण नसेल, उंची कारण नसेल. हे वाक्य मी जाणूनबुजून लिहिते आहे, कारण ते मनात असताना त्याचा आकार फार बदलतो.

रेनानने एक पुडके आणून दिले. लोकरीचे मोजे, तांबडे, जाड. "आईने विणलेत. उरले होते." माझ्या मापाचे कसे उरले, असे विचारावेसे वाटले. त्याच्या आईचे पाय लहान असावेत.

२६ जून, गुरुवार

लघवी झाली. सिस्टरने पिशवी वर धरून साऱ्या विभागाला दाखवली, जशी कोणी लॉटरीचे तिकीट दाखवील. पाय कोमट. आकडा शहाऐंशी, आणि मी तो नुसता पाहू शकते.

२८ जून, शनिवार

मुलीच्या आईला घडलेले सांगायचे होते. डॉक्टर चुकिमिया म्हणाल्या, "मी सांगते, विभाग माझा आहे." मी म्हटले, मीच सांगेन. हे मी ऐटीने म्हटले असेल तर ती ऐट चौकात पोहोचेपर्यंत टिकली नाही.

बासिलिया उन्हात बाकावर लोकर कातत बसली होती. या दिवसांत गावी चुन्यो घालतात. बटाटे रानात पसरून रात्रीच्या कडाक्यात गोठवायचे, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढायचे. तिचे बटाटे शेजारीण तुडवते आहे. "तिचे पाय फताडे," बासिलिया म्हणाली, "सगळा भुगा करून ठेवील."

मी उभ्यानेच सांगितले. पाठ करून आले होते, तरी अर्धे विसरले.

"म्हणजे तुम्ही तिला जास्त हवा दिलीत."

"हो."

"चांगली हवा?"

"हो."

"आणि माझी पोर चांगल्या हवेत बुडत होती."

"हो."

तिच्या हातातली चाती थांबली. "तुम्ही काचेतून हसलात माझ्याकडे. मी पण हसले."

याचे उत्तर मला जिना संपल्यावरही सुचले नसते.

"तुम्हाला मूल आहे?"

"नाही."

"नवरा?"

"नाही."

"मग इथे कोण आहे तुमचं?"

"कोणी नाही."

"तरीच," ती म्हणाली. या 'तरीच'चा माझ्या चुकीशी काय संबंध, ते मला अजून कळलेले नाही. तिने लोकर गोळा केली आणि उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिकडे ऊन नव्हते.

२ जुलै, बुधवार

शस्त्रक्रिया झाली. हृदयावरची वाट बांधून बंद केली. छातीतली घरघर थांबली आहे. मी पुन्हा पुन्हा स्टेथोस्कोप लावून ती शांतता ऐकली.

बासिलिया माझ्याशी बोलत नाही. काही विचारायचे असले तर माझ्या अंगावरून सिस्टरना विचारते. ते योग्यच आहे. तरीही ती येण्याच्या वेळी मी काहीतरी काम काढून खाटेपाशी असते.

बदलीच्या अर्जाचे काय करायचे, असे डॉक्टर चुकिमियांनी विचारले. जून संपला आहे. मी म्हटले, या मुलीची नळी निघाल्यावर सांगते. "ही अट कोणी घातली?" "कोणी नाही." "बरं," त्या म्हणाल्या आणि खण बंद केला.

५ जुलै, शनिवार

आज जोसेलिनची नळी काढली.

वाट बंद झाली तरी धोका संपलेला नसतो, हे लिहून ठेवले पाहिजे. यंत्र हृदयाला अडवते तसे ते त्याला हातभारही लावते. नळी निघताच मूल आपल्या बळावर छाती ओढू लागते. परतणारे रक्त धावत येते आणि थकलेल्या हृदयाला ते सगळे एकट्याने पुढे ढकलावे लागते. काही हृदये ते करतात. काही तासाभरात हरतात, फुप्फुसे पुन्हा भरतात, आणि नळी पुन्हा घालावी लागते; अशा मुलांपैकी सगळी परत येत नाहीत.

रेनान काढणार होता. बासिलियाला त्या वेळी आत येऊ दिले होते. ती म्हणाली, "हा नको."

"का हो मावशी?" रेनान म्हणाला. "माझे हात स्वच्छ आहेत, वास घेऊन बघा."

"ती काढू दे. खालची." आठवडाभरात तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "ती एकदा चुकलीय. आता तिची नजर हलायची नाही. तू आपला बडबड्या."

"घ्या! चुकणाऱ्याला बढती," रेनान पुटपुटला, पण बाजूला झाला, आणि मला खोक्यातून नवे हातमोजे काढून दिले.

मी पट्ट्या सोडवल्या. नळी अलगद बाहेर आली. जोसेलिनने तोंड उघडले आणि ती रडली. घसा इतके दिवस बंद असल्यामुळे आवाज आलाच नाही. केवळ रडण्याचा चेहरा, पूर्ण, संतापलेला, नि:शब्द. मी तिच्या नाकापाशी थोडा ऑक्सिजन धरला, गावच्या हवेपेक्षा किंचित अधिक, इतकाच.

आकडा घसरू लागला. शहाऐंशी. त्र्याऐंशी. मॉनिटर वाजू लागला. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. एकोणऐंशी. डॉक्टर चुकिमिया खिडकीपाशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझा हात भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या बटणावर होता. तो तेथे कधी गेला ते मला ठाऊक नाही. बटण वाढवणे चूक ठरले असते असेही नाही. तेवढ्या आकड्यावर पुष्कळजण वाढवतील, आणि पुस्तक त्यांच्या बाजूने उभे राहील.

मी वर पाहिले. बासिलिया मॉनिटरकडे पाहत नव्हती, मुलीकडेही नाही. ती माझ्या हाताकडे पाहत होती.

मी दुसऱ्या हाताने जोसेलिनचा तळपाय धरला. ऊबदार होता. यकृत चाचपले, जागच्या जागी. छाती ओढत होती, पण थकून नाही, चिडून. तिचे तिला काम करायचे होते आणि मधे कोणी नको होते. मी बटणावरचा हात काढला आणि एप्रनच्या खिशात घातला.

एकोणऐंशी. एकोणऐंशी. ऐंशी. मग बराच काळ काही नाही. मग चौऱ्याऐंशी, आणि मॉनिटर आपणहून गप्प झाला.

"बास," बासिलिया म्हणाली. "आता इकडे द्या."

तारांसकट उचलून मी मुलगी तिच्या हातात दिली. जोसेलिनने लगेच पोलक्याकडे तोंड नेले.

"दूध आत्ता नको, संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल," मी म्हणाले.

"ते तिला सांगा."

"मी... म्हणजे... घशाला सूज असते, श्वासनलिकेत जाण्याची शक्यता..."

"तिला सांगा म्हणते ना. मला कळलं."

मी वाकून जोसेलिनला सांगितले. सगळे कारणांसह सांगितले. रेनान, सिस्टर आणि खिडकीपाशी उभ्या डॉक्टर चुकिमिया यांच्यादेखत मी एका सहा महिन्यांच्या मुलीशी मोठ्याने, पूर्ण वाक्यांत बोलले, आणि तिने माझ्या नाकावर चापट मारली.

मग बासिलिया पाठ करून बसली, आईने आपल्या मुलीशी बसावे तशी, सगळ्या खोलीला बाहेर ठेवून. शालीतून फक्त एक पाय दिसत होता. त्याची बोटे उघडत होती, मिटत होती. मला तेथे काही काम उरले नव्हते. ज्या धड्यापर्यंत मी पोहोचले होते तो नळी काढण्यापाशी संपतो. त्यानंतर डॉक्टरने कोठे उभे राहावे, हे त्यात सांगितलेले नाही.

मी होते तेथेच उभी राहिले. हात खिशातच होता.